खोड विचारून घेतलेली गाडी

आबा, मी गाडी घेतली. जुनी आहे, पण एकेकाळी मोठ्या माणसाची होती हे बघताक्षणी कळतं. कातड्याच्या सीटा, चारही चाकांना ओढ, आणि मागं एवढी लांब की नर्सरीतली पुरुषभर उंचीची आंब्याची रोपं आडवी झोपून जातात. असली लांबुडकी गाडी आपल्याकडं कुणी घेत नाही. धाकट्या भावानं फोनवर फोटो बघितला आणि म्हणाला, "आक्का, ही तर मयताची गाडी दिसतीया." म्हणूनच ती माझ्या आवाक्यात आली. पावसाळ्यात वरच्या बंगल्यांना रोपं पोचवायची म्हणजे चिखलातला चढ असतो, आणि आपला टेम्पो तिथं गुडघे टेकतो, म्हणून ही घेतली. चार दिवस झाले, नर्सरीच्या दारात उभी आहे. येणारा-जाणारा हात लावून बघतो, पेढे मागतो, मी देते. धाकटा म्हणतो, रविवारी हिला भंडारा लावू. लाव म्हटलं. मला काही वाटत नाही, आबा. आनंद नाही, धाकधूक नाही. हल्ली भाजीत मीठ नाही हेसुद्धा मला दुसऱ्यानं सांगितल्यावर कळतं.

गाडी मी तुमच्या पद्धतीनं घेतली, म्हणून तुम्हाला सांगायला बसले. बाजारात बैल घ्यायला निघालेली माणसं वाट वाकडी करून तुम्हाला बरोबर न्यायची. मी सात-आठ वर्षांची असेन, तुमच्या धोतराचा सोगा धरून मागं. सगळे आधी बैलाचे दात बघायला वाकायचे आणि तुम्ही मात्र धन्यासमोर उभे राहून त्याला पानतंबाखू विचारत बसायचात. परत येताना मला सांगायचात, "आधी धन्याचं त्वांड बघायचं, मग जनावराचं. आन् खोड इचारायची. तो काय सांगतू त्याला किंमत न्हाई, सांगताना कुटं बघतू त्याला हाय." आणि विकायची वेळ आपली आली की दावं दुसऱ्याच्या हातात द्यायच्या आधी खोड आपण होऊन सांगायची. दुधाला आखडते, रात्री दावं चावते, जे असेल ते. खोड लपवून दिलेलं जनावर फिरून आपल्याच दारात येतं म्हणायचात. मला ते शाळेतल्या पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

गाडी कासारसाईच्या अलीकडच्या एका सोसायटीत होती. मालक निवृत्त साहेब, बोलायला अगदी मऊ. गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून दोन वर्षं गाडी त्यांची मुलगी चालवत होती. पंचविशीची असेल, तीही खाली पार्किंगमध्ये येऊन उभी होती, हातात किल्ली फिरवत. धाकटा लगेच आत बसून गाणी लावायला लागला. मी साहेबांना विचारलं, गाडीची खोड काय? त्यांना शब्द आवडला, हसले. "खोड म्हणजे, थंडीत सकाळी एक दिवा लागतो, दहा मिनिटांनी जातो. आणि मागचं डावं दार जोरानं लावावं लागतं." सांगताना सरळ माझ्याकडं बघत होते. मला माणूस पटला. मग मी आपला टेम्पो दुरुस्त करणाऱ्या उरवड्याच्या मेस्त्रीनं शिकवलेलं एक केलं. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. रोज कुणी एवढा ओढत नाही, त्यामुळं गाडी पाण्यात बुडाली असेल तर सगळं धुऊन-पुसून झाल्यावरही गाळ तिथं राहतो. शेवटचा वीतभर पट्टा मातकट होता. बोट फिरवलं तर बोटाला आला.

मी पट्टा हातात धरूनच विचारलं, "पाण्यात गेली होती का कधी?" साहेब "छे" म्हणणार तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "नाही हो. कधीच नाही." चेहऱ्यावरची रेघ हलली नाही तिच्या. पण बोलताना ती माझ्याकडं नाही, चाकाकडं बघत होती. साहेबांनी तिच्याकडं बघितलं. किती वेळ म्हणाल तर पापणी लवेपर्यंत. तोवर त्यांना माहीत नव्हतं, आबा, हे मी पैजेवर सांगते. त्या एवढ्याशा वेळात त्यांना ते कळलं, आणि त्यांना कळलं ते मला दिसलं. मग त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि मला म्हणाले, "ती नाही म्हणते म्हणजे नाही. माझा शब्द धरा." आवाज तसाच मऊ होता. फक्त या वेळी माझ्याकडं बघितलं नाही.

मी पट्टा सोडला. तो आपला आपण सरसर आत गेला. मी म्हणाले, घेते.

धाकट्याला हे काहीच माहीत नाही. मेस्त्रीला कळेल तेव्हा तो मला येड्यात काढेल, आणि त्याचं बरोबर असेल. बुडालेली गाडी आज चालते, उद्या भर चढावर वायरिंग दगा देतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्या माणसाला त्याच्या लेकीसमोर खोटं पाडणं मला जमेना. जीभ उचललीच नाही. माझ्यासमोर ते साहेब नव्हतेच, आबा. तुम्ही होतात.

आता घोडीचं सांगते. तुम्हाला माहीत असलेलंच, पण माझ्या बाजूनं तुम्ही ते कधी ऐकलं नाही. त्या साली तुम्ही ठरवलं होतं की आता मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं नाही, बिऱ्हाड वाहणारी घोडी विकायची, पौडला खोली बघायची आणि पोरीची बारावी होऊ द्यायची. आई म्हणाली, पोरगी शिकून काय कलेक्टर होणार हाय व्हय? तुम्ही म्हणालात, न्हाई झाली तर न्हाई, बसू तर द्या परीक्षंला. नंतर तुम्ही दोन दिवस बाजाराला गेलात आणि जाताना मला बजावलंत की खालच्या वाडीचा तो गडी आला तर घोडी दे, पण खोड सांग. डाव्या अंगानं कुणी डोक्यावर काही घेऊन आलं की घोडी लाथ झाडायची. बाकी गरीब, अगदी पोरांनी लोंबावं इतकी.

तो गडी आला. घोडीभोवती फिरला, पाय उचलून बघितले, पाठीवर थाप मारली. त्याला ती आवडली होती, पण त्याचा पाय निघत होता, पुढच्या बाजारात अजून एक बघतो म्हणत होता. मला दिसत होतं, खोड सांगितली तर हा जाणार, घोडी राहणार आणि दिवाळी झाली की आपण परत पालं गुंडाळणार. त्यानं विचारलं, "काय खोडबिड?" मी म्हणाले, "काय न्हाई. गरीब हाय." दावं त्याच्या हातात दिलं. तुम्ही आलात, दारात पाय धूत पाठमोरे होतात, म्हणालात, "खोड सांगितलीस न्हवं?" मी आतून म्हणाले, व्हय. भाकरी थापत होते. भाकरी मोडली नाही की फाटली नाही.

महिन्याभरानं तो गडी दारात आला. घोडीनं त्याच्या बायकोला लाथ घातली होती. पाण्याची घागर घेऊन डाव्या बाजूनं येत होती बिचारी. खुबा निखळला होता. तो अंगणात उभा राहून ओरडत होता, तुम्ही खोड लपवली, तुमच्यावर इस्वास ठेवला त्याचं हे फळ. वाडी गोळा झाली. तुम्ही मला बाहेर बोलावलंत. सगळ्यांच्या देखत विचारलंत, "सांग. खोड सांगितली व्हती का ह्येला?" मी म्हणाले, "व्हय." तुम्ही माझ्याकडं बघितलंत, पापणी लवेपर्यंत. मग आईला म्हणालात, देव्हाऱ्यातला भंडारा आण. मूठभर हळद उजव्या हातात उचलून तुम्ही बिरोबाच्या नावानं बोललात की आमच्या घरानं खोड सांगितली व्हती. भंडारा उचलला की विषय संपतो. त्या गड्यानं पागोटं सारखं केलं आणि तो निघून गेला. मी बारावी झाले.

त्या दिवसापासून तुम्ही कपाळाला भंडारा लावला नाहीत. ताट तुमच्याच हातात असायचं, सगळ्यांना लावायचात, मेंढरांवर उधळायचात, आणि कुणी तुम्हाला लावायला आलं की मान मागं घ्यायचात. "नगं. डोळ्यात जातू." दोन वर्षांनी तुम्ही दम्यानं गेलात. खालच्या वाडीत बोलले लोक, खोटा भंडारा भोवला म्हणून. मी ते ऐकलं. आणि मनाची एकच समजूत घालून इतकी वर्षं काढली, की आबांना माहीत नव्हतं. माहीत नसताना उचललेला भंडारा काही खोटा नसतो, पाप लागायचं तर मला लागेल. या एका गोष्टीवर मी जेवले, झोपले, लग्न केलं, नर्सरी उभी केली.

त्या पार्किंगमध्ये ती समजूत गेली. मी तुमच्या मागं चार बाजार फिरलेली बाई. मला एका पोरीचं खोटं हातभरावरून दिसलं, तिच्या बापालाही दिसलं. त्यानं उभ्या जन्मात कधी बैल घेतला नसेल. आणि तुम्ही, ज्यांना लोक वाट वाकडी करून न्यायचे, तुम्हाला तुमची लेक वाचता आली नसेल? त्या दिवशी मी कुठं बघत होते ते मला चांगलं आठवतं. तुमच्या पायांकडं बघत होते.

रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. किल्ली घेतली आणि घाटातनं गाडी चालवत आणली. छान चालते. वळणावर चारही पाय रोवून धरते. वाटेत पौडच्या स्टँडवर ती बाई दिसली, त्या गड्याची बायको. म्हातारी झालीय, तशीच एका अंगावर कलून चालते. इतकी वर्षं ती दिसली की मी रस्ता ओलांडते. या वेळी काच वर होती, ओलांडायचीही गरज पडली नाही. तिला बसवून घरी सोडावं असं मनात आलं. तेही एवढ्यासाठी लिहिते की मी सोडलं नाही, आणि पुढंही सोडेन असं मला वाटत नाही.

आज रविवार, राहिलेलं पत्र पुरं करते. सकाळी धाकटा ताट घेऊन आला. नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर भंडाऱ्याची पाच बोटं ओढली. हे पत्र मी गाडीच्या कागदांत ठेवणार आहे, ते कुठं जायचं नाही. ही गाडी कधी विकली तर घेणाऱ्याला पट्टा ओढून दाखवीन, तेवढं नक्की. खोड मी सांगितली नव्हती, आबा. गाडीला लावून झाल्यावर धाकट्यानं चिमूट भरली आणि माझ्या कपाळाकडं हात आणला. मी मान मागं घेतली. म्हणाले, नको, डोळ्यात जातो. त्यानं लगेच हात मागं घेतला. त्याला ते पटलं. मलाही तेव्हा पटलं होतं.