पुढचा श्वास

घराच्या मालकिणीस सप्रेम नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे. गुडघ्यांमुळे मला या शिबिरात खुर्चीवर बसून ध्यान करण्याची मुभा मिळाली आहे. येथील सूचनाफलकावर शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत. मी अद्याप एकही दुरुस्त केलेली नाही, यावरून माझ्या प्रगतीचा अंदाज घे.

तुझ्या हाताचा व्यायाम चालू आहे ना?

श्वासाकडे केवळ लक्ष द्यावयाचे, त्याला वळण लावावयाचे नाही, एवढाच येथील अभ्यास. आमच्या शिक्षिका भिक्खुणी आहेत, वयाने आपल्या धाकटीएवढ्या. काल त्या शेजारी बसून मला न्याहाळत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "आजोबा, पुढचा श्वास यायच्या आधीच तुम्ही तो ओढून घेता. येईल की तो आपला आपण. कुठली गाडी चुकतेय?"

मी वाद घातला नाही. श्वास सोडला आणि नुसता थांबलो. तो मधला क्षण फार लांबला आणि त्यात मला तू दिसलीस. पक्षाघाताच्या त्या झटक्यानंतर तुझा शब्द ओठांशी अडतो आणि मी तो तुझ्याआधी उच्चारून मोकळा होतो. त्यास मी मदत समजत होतो. महिनाभर तू सूनबाईशी बोलतेस, माझ्याशी नाही.

रविवारी शिबिर संपताच फोन करीन. तुला हवे ते, हवा तितका वेळ घेऊन बोल. माझ्याकडून काहीच आवाज आला नाही, तर फोन बंद पडला असे समजू नकोस.

कसलीही घाई नसलेला,
तुझाच