एकोणिसाव्या प्रकरणापासून

ता. ९ मार्च

प्रिय बारके,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. आईच्या गुडघ्याला लावायचं तेल संपलं होतं, ते आणलं. तुझे भाऊजी रोजच्यासारखे चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधतात. तुझ्या स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त झाला का, की तो प्लंबर अजून ‘निघालोच’ म्हणतोय?

बसने अर्ध्या तासावर राहणाऱ्या बहिणीला पत्र कसलं लिहायचं, असं तुला वाटेल. पण फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. दुसऱ्या वाक्याला मी टोमणा मारते आणि तिसऱ्याला तू ‘कुकर लागलाय’ म्हणून फोन ठेवतेस. शिवाय घशाच्या डॉक्टरांनी मध्यंतरी मला मुकं बसवलं होतं, तेव्हापासून कागदावर बोलायची सवय लागली. कागदावर मी जरा बरी वागते, असं तुझे भाऊजी म्हणतात. ते हे पत्र आणि एक जड पिशवी घेऊन तुझ्याकडे येतील. पिशवीत काय आहे ते शेवटी सांगते, आधी उघडू नकोस. उघडली असशीलच म्हणा.

तर माझी तब्येत. तू विचारलंस की मी ‘बरी आहे’ म्हणून विषय बदलते. आज सगळं नीट सांगते.

आवाज बिघडायला लागला तो कादंबरीच्या बाराव्या प्रकरणाच्या सुमारास. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या घराण्याची कादंबरी मला मनापासून आवडली होती आणि बोलक्या पुस्तकासाठी ती मी उत्तम वाचतेय अशी माझी खात्री होती. पण वाक्याच्या शेवटी आवाजात वाळू यायला लागली. सकाळी तर भांड्याचं बूड खरवडल्यासारखा आवाज. घशात काहीतरी अडकलंय असं सारखं वाटायचं, आणि खाकरून खाकरून ते काही जायचं नाही. मला वाटलं स्टुडिओतली धूळ असेल. मग तू वाढदिवसाला दिलेली ती निळी डबी मी माइकशेजारी ठेवली आणि पानागणिक एक पेपरमिंट तोंडात टाकायला लागले. थंड वाटायचं, दोन परिच्छेद बरे जायचे.

अठराव्या प्रकरणात म्हाताऱ्या घड्याळजीचं नावच तोंडातून फुटेना. काचेपलीकडे आपल्या कानसेनाने कानावरचा हेडफोन काढला आणि म्हणाला, “ताई, आज थांबू या.” रेकॉर्डिंग करणारा माणूस हेडफोन काढतो म्हणजे काय, ते आपल्या धंद्यात कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पुढचं तुला माहीत आहे. पुस्तकाची तारीख जाहीर झाली होती आणि प्रकाशकबाई घायकुतीला आल्या होत्या. आपला आवाज इतका सारखा की फोनवर आई आपल्याला दोघींनाही ‘कोण गं तू?’ विचारते, हा किस्सा मीच त्यांना एकदा हसत हसत सांगितला होता. तो माझ्याच अंगाशी आला. एकोणिसाव्या प्रकरणापासून तू बसलीस. वर म्हणालीस, “मला नाव नको ताई, तुझं पुस्तक आहे.” बारके, तू थोडी तरी वाईट असतीस तर माझं काम किती सोपं झालं असतं!

मी तेव्हा घाबरले होते, तेही तुला कळू दिलं नाही. बाबांचा घसा आठवत होता. त्यांचंही ‘धूळ असेल’पासूनच सुरू झालं होतं. मला सर्दी झालीय असं आईला सांगायचं हे आपण ठरवलं, पण मी तर तुलाही जवळजवळ सर्दीच सांगत होते. घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी आत घातली, तिच्या टोकाला कॅमेरा. समोरच्या पडद्यावर माझा गळा मला दिसत होता. “गाठ नाही,” एवढं ते आधी म्हणाले, आणि मी नळी नाकात असताना रडले. मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. स्वरयंत्राची मागची बाजू लाल आणि सुजलेली होती. म्हणाले, “हे पोटातलं आम्ल वर येतंय.”

मी म्हटलं, “मला छातीत जळजळ वगैरे काही होत नाही.”

“पुष्कळांना होत नाही. आम्ल वरपर्यंत येतं आणि सरळ घशाला लागतं. तुम्ही पोटाच्या डॉक्टरांना दाखवा.”

पोटाच्या डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या. उपाशीपोटी बोलावलं, घशात कडू फवारा मारून तो बधिर केला, डाव्या कुशीवर निजवून दातांत प्लास्टिकची कडी दिली आणि तोंडातून दुर्बीण आत घातली. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला ओरखडे निघाले. अन्ननलिका आणि पोट यांच्यामध्ये एक झडप असते, माझी सैल पडलीय. दार नीट लागत नाही, म्हणून आतलं बाहेर येतं. घाबरायचं काही नाही, पण औषध आणि पथ्य नेटाने करायचं, असं त्या म्हणाल्या.

आता माझी हुशारी ऐक. गोळी सकाळी रिकाम्या पोटी, खाण्याआधी अर्धा तास घ्यायची असं चिठ्ठीवर ठळक लिहिलं होतं. मी ती नाश्त्यानंतर घेत होते. वाचणं हा माझा धंदा, आणि तेवढी एक चिठ्ठी वाचली नाही. गुण येईना, तेव्हा तुझ्या भाऊजींपाशी डॉक्टरीणबाईंच्या नावाने खडे फोडले. खरं कळल्यावर बाई मला शाळेतल्या पोरीला बोलावं तशा बोलल्या. मग एकेक सुरू झालं. रात्रीचं जेवण लवकर, आणि जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. चहा-कॉफी बंद. वाचताना दम राहावा म्हणून मी कमरेला घट्ट पट्टा बांधते, तो बंद, कारण त्याने पोट दाबलं जातं. उशांची चळत लावून झोपायचे, तेही चुकीचं. त्याने माणूस पोटातच दुमडतो. पलंगच उशाकडून उचलायचा, पायांखाली ठोकळे घालून.

शेवटी त्यांनी विचारलं, “दिवसभर तोंडात काय चघळता?”

“पेपरमिंट. घशासाठी.”

“ते आधी सोडा. काही जणांची झडप त्याने आणखी सैल पडते.”

मी ताबडतोब म्हटलं, “ती डबी मला माझ्या बहिणीने दिलीय.”

कुठल्या सुरात म्हटलं देव जाणे, बाईंनी पेन खाली ठेवलं. हसत म्हणाल्या, “मुद्दाम का?” मी हसले नाही. खरं सांगते बारके, घरी येताना बसमध्ये मी अख्खा रस्ता त्यावर विचार केला. तुला माहीत असेल का, कुणी सांगितलं असेल का, डबी देताना तू कशी हसली होतीस. उतरताना माझी मलाच लाज वाटली, पण माझा थांबा येईपर्यंत नाही वाटली.

ता. १०

काल इथे पेन ठेवलं. आईने हाक मारली म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. पुढचं लिहायचं जिवावर आलं होतं, हे जास्त खरं.

पुस्तक आल्यापासून आई ते दुपारी कानाला लावून ऐकते. तिचे डोळे गेल्यापासून तिला एवढाच विरंगुळा. म्हातारा घड्याळजी मरतो ते प्रकरण संपलं तेव्हा ती पदराने डोळे पुसत बसली होती. मला जवळ बोलावलं, माझ्या गळ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “सुरुवातीला छानच वाचतेस गं. पण एकोणिसाव्या प्रकरणापासून तू वाचायचं सोडलंस आणि सांगायला लागलीस.”

मी म्हटलं, “हो का? बरं वाटलं.”

तुझं कौतुक मी खिशात घातलं आणि भाजी चिरायला गेले. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. तुझा आवाज माझ्याहून गोड असता तर मी दैवाला बोल लावून मोकळी झाले असते. पण आवाज आपला एकच. आईलाही वेगळा काढता येत नाही. मग ती जे रडली ते आवाजाला नव्हे. हे मला भाजी चिरताना कळलं आणि तेव्हापासून मी तुला पाण्यात पाहतेय.

दुसऱ्या दिवशी मी कानसेनाकडे गेले आणि ‘दोघींच्या वाचनाचा सांधा कसा जुळलाय ते बघते’ म्हणून तुझ्या प्रकरणांचं काटछाट न केलेलं रेकॉर्डिंग मागून घेतलं. सांधा कसला! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. आई दुपारी आडवी झाली की मी हेडफोन लावून तुझ्या चुका वेचत बसायचे. कुठे अडखळलीस, कुठे शब्द गिळलास. फार सापडल्या नाहीत, आणि त्याचा आणखी राग आला.

मग तेविसाव्या प्रकरणात एक बारीक टिक् ऐकू आली. पुढच्या पानावर पुन्हा. तो आवाज मी झोपेतही ओळखेन, पेपरमिंटच्या डबीचं झाकण आहे ते. म्हणजे स्वतःसाठीही तू तसलीच डबी घेतली होतीस. मग चघळणं, मग खाकरणं, मग वाक्य. सत्ताविसाव्यात परिच्छेदागणिक खाकरणं. तिसाव्यात, सकाळच्या रेकॉर्डिंगमध्ये, वाक्यांच्या शेवटी वाळू.

तयार पुस्तकात हे काहीच नाही, कानसेनाने सगळं स्वच्छ कापून टाकलंय. त्याला वाटलं असेल, नवी आहे, घाबरून खाकरतेय. माझ्याशिवाय हे कुणाला ओळखता आलं नसतं, कारण बारावं प्रकरण वाचताना माझं अगदी असंच होत होतं.

आणि बारके, मला आनंद झाला. आडपडदा न ठेवता लिहिते, झाला. येत्या शुक्रवारी प्रकाशकबाई दुसऱ्या भागासाठी आपल्या दोघींचे नमुने ऐकणार आहेत. जिचा आवाज टिकेल तिला पुस्तक. माझा आता टिकतो; परवा तपासणीत घशाची सूज उतरलेली दिसली. तुझा शुक्रवारी फुटला असता. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. तीन आठवडे मी गप्प बसले. मधल्या काळात तू दोनदा फोन केलास, दोन्ही वेळा मध्येच खाकरलीस, आणि मी तुला नळाबद्दल विचारलं.

परवा तपासणीहून परत आले तर आईने तुला फोन लावला होता. तू काहीतरी सांगत होतीस. फोन ठेवून आई म्हणाली, “धाकटीलाही सर्दी झालीय गं. धूळ असेल म्हणते.”

धूळ! तुझ्या घशात पेपरमिंटपलीकडचं काही असलं, आणि मी ते एका पुस्तकापायी दडवून ठेवलं, तर?

मी आईशेजारी बसले आणि तिला सगळं सांगितलं, माझी सर्दी, दुर्बीण, गोळ्या, सगळं. एकोणिसाव्या प्रकरणापासून बारकी वाचतेय, हेही. ती बाबांच्या आठवणीने घाबरेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, “तरीच.”

एवढंच. तो एक शब्द मला जन्मभर पुरेल.

आता कामाचं. गुरुवारी सकाळी घशाच्या डॉक्टरांकडे तुझं नाव घातलंय. मी डॉक्टर नाही, माझा अंदाज चुकीचाही असेल, म्हणून दाखवायचंच. मी दवाखान्याच्या दारात उभी असेन. नळीला घाबरू नकोस, माझ्यापेक्षा तू लहानपणापासून धीट आहेस. हेही मला कधी आवडलं नाही. डबी आजच टाकून दे. पिशवीत सुताराकडून करून घेतलेले दोन ठोकळे आहेत. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली घाल. गरज नाही निघाली तर परत दे, कुंडीखाली ठेवीन.

प्रकाशकबाईंना मी काल फोन केला. तुला एवढ्यात वाचता येणार नाही म्हटल्यावर त्या एका श्वासात म्हणाल्या, “मग तुम्हीच वाचा की सगळं, आता आवाज आलाय तुमचा.” हे ऐकायला मी किती दिवस जीव टाकत होते! मी हो म्हणाले. पण अठरा प्रकरणांपुरतं. तेवढ्यात तुझं औषध होईल, आणि एकोणिसाव्यापासून तू. वर दोघींची नावं छापायची. बाई म्हणाल्या, “अहो, मग सांधा कळेल ना लोकांना!” मी म्हटलं, कळू दे.

अठरा मात्र सोडणार नाही. दुसऱ्या भागात तू माझ्याहून वाईट वाचलंस तर मला फार बरं वाटेल. पण वाईट वाचल्यामुळे, घसा गेल्यामुळे नको.

आवाज आपला एकच आहे. वाचतेस तू माझ्यापेक्षा चांगलं. हे मी एकदाच लिहितेय, कागद जपून ठेव. पुन्हा कधी विचारलंस तर मी नाही म्हणेन.

गुरुवारी ये. उपाशी राहायचं नाही, त्या तपासणीला लागत नाही; पण चहा नको.

तुझीच,
ताई