घरच्यांची रांग

अलेक्झांड्रिया,
सोमवार, ५ मे

प्रिय आब्ला इनास,

सलाम. तू बरी असशील, निदान वेळेवर जेवत असशील, अशी आशा करते. मी ठीक. आमच्या दमनहूर गावाहून येणारी गाडी अजून रोज उशीर करते आणि मी अजून धापा टाकतच वॉर्डात शिरते. फरक इतकाच, की "आल्या राणीसाहेब! दमनहूर जागं झालं वाटतं!" असं म्हणणारं आता कोणी नाही.

विभागाने मला तुझ्या जागी दुसरी मेंटॉर दिली. तुझ्याच एम.एस्सी.च्या वर्गातली, हुशार, शांत. कधी ओरडत नाही. मला तिच्याजवळ करमत नाही, तिला 'आब्ला', ताई, म्हणावंसं वाटत नाही. तू पहिल्याच दिवशी माझ्या हातातली सुई काढून घेतलीस आणि म्हणालीस, "पदवी घेऊन आलीस, आता जरा नर्स हो. रुग्णाने अवघड प्रश्न विचारला की उत्तराची घाई करायची नाही. खुर्ची ओढायची, बसायचं आणि विचारायचं, तुम्हाला काय वाटतं?"

आज ऑफिसात कळलं, तू एम.एस्सी. सोडते आहेस. प्रबंध तयार, परीक्षकांची तारीख ठरलेली, आणि गुरुवारी येऊन तू नाव काढून घेणार. म्हणून हे पत्र. फोन तू उचलत नाहीस.

तुझ्या बाबांच्या मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस नीट पार पडला ना? मी आले होते. जिन्यापर्यंत. वरून कुराणाचा आवाज येत होता. मला बघून तुला त्रास होईल असं वाटलं आणि परत फिरले.

किती वेळ इकडचं तिकडचं लिहिते आहे मी! आता सांगतेच.

बाबा आपल्या वॉर्डात आले तेव्हा तू आम्हा सगळ्यांना बजावलंस, त्या आजाराचं नाव त्यांच्यासमोर काढायचं नाही, विचारलं तर पोटात व्रण आहे म्हणायचं. इथे कोणत्या घरात असं करत नाहीत? माझ्या आजीच्या वेळी आम्हीही तेच केलं. मग एके दिवशी बाबांनी सलाईन लावू दिलं नाही. "मला घरी ने, बाल्कनीत बसायचंय," म्हणाले. त्याआधी मी त्यांच्याजवळ बसलेली तुला दिसले होते. व्हरांड्यात, सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "हेच शिकवलं का गं मी तुला? माझ्या बापाला तू मारलंस." मी मान खाली घातली. तुला वाटलं, हिनेच त्यांना खरं सांगितलं आणि आता कबूल केलं.

आब्ला, मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनीच विचारलं, "शुरूक, पोरी, खरं सांग, हा व्रणच आहे ना?" मी तू शिकवलंस तसं केलं. खुर्ची ओढली आणि म्हटलं, "काका, तुम्हाला काय वाटतं?"

ते हसले. "माझी लेक लहानपणापासून सिगारेटवरून माझ्याशी भांडते. माझी पाकिटं समुद्रात फेकलीत तिने! आणि परवा मला गच्चीवर नेऊन स्वतः काडी पेटवते, म्हणते, ओढा बाबा, एकीने काय होतंय! तेव्हाच ओळखलं मी. व्रणाच्या माणसाला नर्स सिगारेट देते होय?"

मग म्हणाले, "मला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस. माझ्यापासून लपवायचं आहे म्हणून ती उभी आहे. तेवढंही काम काढून घेतलं तर कोसळेल."

तू मला बोललीस ते त्यांनी आतून ऐकलं होतं. संध्याकाळी माझा हात धरून रडले. जन्मभर ट्रॅम चालवलेला माणूस, केवढा हात तो! म्हणाले, "माझ्यामुळे तुला ऐकावं लागलं. पण मी गेल्यावर तिला रागवायला कोणीतरी लागेल गं. अल्लावर रागावण्यापेक्षा तुझ्यावर रागावू दे. सोसशील? चाळिसावा झाला की सगळं सांग."

सोसलं. सोपं नव्हतं. मलाही तुझा राग आला, खूप आला. एकदा तरी मला विचारायचंस ना, खुर्ची ओढून?

आणखी एक काम त्यांनी माझ्यावर सोपवलंय. "प्रबंधाच्या जाहीर परीक्षेच्या दिवशी परीक्षकांना, पाहुण्यांना बिस्किटांचे डबे घरच्यांनी द्यायचे असतात ना? तिची आई नाही, मी नसेन. ती तर स्वतःचा चष्माही विसरते. ते तू बघ. घुरय्येबाची तुपाळ बिस्किटं घे, पण तोंडात विरघळणारी. नाहीतर परीक्षकांचे दात पडतील आणि ते हिला नापास करतील!"

डबे सांगून ठेवलेत, मन्शियातल्या बाबांच्या नेहमीच्या दुकानात. दुकानदाराने विचारलं, "ट्रॅमवाल्या फतूहच्या लेकीसाठी?" मी हो म्हटलं. आता त्याला नाही कसं सांगू?

परीक्षेच्या सभागृहात पहिली रांग घरच्यांची असते. तिथे बसायला बाबांनी मला सांगितलंय. तुला नको असेल तर मी मागे दाराशी उभी राहीन, डबे हातात घेऊन. पण तू ये.

तुझ्यावर अजून थोडी रागावलेली, तरी तुझीच,
शुरूक