जांभळ्या दिव्याखालची सही

शनिवार, १४ मार्च

प्रिय दादा,

तीन वर्षांनी माझं पत्र बघून आई गेली की काय, अशी शंका घेऊ नकोस. आई ठणठणीत आहे. काल तिने शेजारणीच्या नव्या चष्म्याला नावं ठेवली, यावरून काय ते समज. माझी पाठ अधूनमधून धरते. तुझा खोकला कसा आहे? सिगारेट सुटली का, हे विचारत नाही. उगाच खोटं बोलशील.

मी अजून त्याच चित्रांच्या पेढीवर आहे, जुनी चित्रं पारखून खरेपणाचे दाखले लिहून देते. या आठवड्यात एक इटालियन तैलचित्र आलंय. शहराचा देखावा आहे: कालवा, पलीकडे घुमट, धक्क्यावर बोटाच्या पेराएवढी माणसं. मालकीण एक निवृत्त डॉक्टरबाई. त्यांना ते संग्रहालयाला भेट द्यायचंय.

ओळखलंस ना? चार वर्षांपूर्वी तूच ते डागडुजी करून आमच्याकडे आणलं होतंस.

सवयीप्रमाणे मी आधी चित्र उलटं केलं. मागच्या चौकटीवर माझाच दाखला चिकटवलेला. बाई कौतुकाने म्हणाल्या, "तुमच्या भरवशावर तर घेतलं हो मी. संग्रहालयाचा तज्ज्ञ सोमवारी तपासायला येतोय, येऊ दे बापडा!" मी नुसती हसले.

तो तज्ज्ञ अतिनील किरणांचा जांभळा दिवा आणणार. त्याखाली जुनं व्हार्निश हिरवट चमकतं आणि वरून लावलेला नवा रंग काळा दिसतो, हे तुला मी काय सांगायचं! चित्र जुनंच आहे, कुणा साध्यासुध्या चित्रकाराचं. कोपऱ्यातली त्या बड्या चित्रकाराच्या नावाची सही मात्र चार वर्षांची आहे.

फोन वाजला तरी दचकते. बाहेर साहेबांचे बूट वाजले की उगाच कागद चाळायला लागते. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलंय, तरी त्याच्याकडे पाठ करून बसवत नाही. आज दुपारी तर कहर केला. काडीला कापूस गुंडाळला, द्रावणात बुडवला आणि सहीपाशी नेला. नवा रंग एका पुसण्यात निघतो. तेवढ्यात डॉक्टरबाई चित्र बघायला आत आल्या. "साफ करताय का? करा, करा, उजळेल जरा." माझ्या हातून काडी पडली. दाखल्यावर त्या सहीचा फोटो आहे, ती पुसली तरी पकडलेच जाणार, हेसुद्धा मी घाबरून विसरले होते.

एक गोष्ट राहिली. तुला वाटतं, मी त्या दिवशी तुझ्यावर विसंबून न तपासताच दाखला दिला. तसं नाही दादा. मी दिवा लावला होता. तू खिडकीशी पाठमोरा उभा राहून शीळ घालत होतास. मला ती काळी सही स्वच्छ दिसली. मी दिवा विझवला आणि म्हटलं, "छान आहे रे." पुढे आईला कुणी ठेवायचं यावरून आपलं वाजलं, ते बोलणं तोडायला नुसतं निमित्त. मला तुझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

सोमवारी तज्ज्ञाने दिवा लावायच्या आधीच मी बाईंना सगळं सांगणार आहे. मग ते विचारतील, सही केली कुणी? नोकरी जाण्याची भीती वाटते, तुरुंगाची वाटते, पण या प्रश्नाची सगळ्यात जास्त वाटते. आता मला खोटं बोलता येणार नाही. म्हणून तू ये. दहा वाजता माझ्या शेजारी उभा राहा आणि तुझं तू सांग. माझ्या तोंडून तुझं नाव निघायला नको रे.

पत्र टपालात टाकत नाही. उद्या सकाळी तुझ्या दाराखालून सरकवून जाईन. घंटा वाजवायचं धाडस नाही.

तुझी वाट बघणारी, आणि तू नाही आलास तर तुझं नाव सांगणारी,
तुझीच
धाकटी