शेंदराखालची खवलं

बाई, काल मी एका वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बसले होते आणि चिठ्ठीतून विषय निघाला तो तोच! पश्चिम आशियातली ती मूठभर जमीन, दोन समाज, आणि दोघांचे देव. समोरच्या मुलीनं पहिलं वाक्य टाकलं आणि मी खुर्चीचे हात असे काही घट्ट धरले की शेजारचे सर म्हणाले, ‘मॅडम, बरं नाही वाटत का?’ बरं? अहो, मी क्षणात सोळा वर्षांची झाले होते! घरी आले, चप्पलही न काढता वही घेतली आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होत आली. तो प्रश्न मात्र धडधाकट आहे.

सत्तरच्या दशकातली ती शेवटची वर्षं. मी दहावीत आहे, आणि तुम्ही आमच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवता. करडी गावाच्या पुढचं आपलं गाव, मध्ये तलाव. तलावाच्या एका अंगाला आमची धानवाल्यांची घरं, दुसऱ्या अंगाला मासे धरणाऱ्या ढिवरांची पाच घरं. त्या पाच घरांतून शिकून मास्तरीण झालेल्या तुम्ही पहिल्या. आमच्या मोठ्या बाबांना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाला, ते फारसं रुचलं नव्हतं, पण तुमच्यासमोर बोलायची छाती कुणाची? जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी तुम्ही मला निवडलंत, कारण विचारलं तर म्हणालात, ‘तुहा आवाज तलावाच्या पल्याड जाते. डोकं मागून येईन.’ मी रोज संध्याकाळी तलावाच्या पाळीवरून, त्या बांधावरून पळत तुमच्याकडे यायची. चुलीवर मासोळीचा रस्सा रटरटतोय, तुमचे भाऊ दारात जाळं सांधत बसलेत, फळीवरचा रेडिओ बातम्या देतोय, आणि मी चुलीच्या धुरात उभी राहून जगाचा सगळ्यात अवघड तंटा सोडवतेय. काय दिवस होते हो!

तुमची पद्धत मी पुढे कुठल्याच मास्तराकडे पाहिली नाही. एक दिवस एक बाजू, दुसऱ्या दिवशी दुसरी. ‘आज तू ज्यू आहेस. तुह्या बापजाद्याईले देशोदेशी हाकललं, मारलं. ज्या देवळाकडं तोंड करून त्याईनं पिढ्यान्पिढ्या प्रार्थना केली ते इथंच होतं. बोल!’ मी बोलायची, घसा फुटेस्तोवर. दुसऱ्या दिवशी, ‘आज तू तिथला अरब आहेस. तुह्या आज्याची वाडी, तुही विहीर. घर गेलं, पन चाबी अजून तुह्या मायच्या कंबरेले आहे. तुही मशीदबी तिथंच आहे. बोल!’ आणि गंमत म्हणजे मला दोन्ही दिवशी तेवढंच खरं वाटायचं, दोन्ही दिवशी डोळे भरून यायचे. त्या वाडीतलं ऑलिव्ह म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही म्हणालात, ‘आपला मोहा समज. पिढ्यान्पिढ्या त्याच झाडावर घर चालते.’ एकदा वैतागून मी म्हटलं, ‘बाई, मंग हे मिटवत काहून नाही? अर्धं अर्धं करून टाकावं ना!’ तुम्ही चुलीत लाकूड सारलंत आणि म्हणालात, ‘साधी जमीन असली तं लोकं मोजनी करतेत, बांध घालतेत, अर्धं तुले, अर्धं मले. आंधी हे दोघंबी देशाच्या नावानं भांडत होते. आता देवाच्या नावानं देश मांगून राहिले. जमीन अर्धी होते वं. देवाले अर्धा कसा करशीन?’ वही नव्हती, म्हणून ते वाक्य मी तळहातावर लिहून घेतलं.

भंडाऱ्याला आपण यष्टीनं गेलो. तुम्ही तुमचं मनगटी घड्याळ काढून माझ्या हातात बांधलंत, वेळ कळावी म्हणून, आणि मी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही! अर्धं भाषण या बाजूचं, अर्धं त्या बाजूचं. ऐन रंगात आल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, ‘त्यांच्या आजोबांच्या मोहाच्या झाडांवरून रणगाडे गेले!’ सभागृहात टाळ्या, अशा टाळ्या की पत्रे उडतील. अख्ख्या सभागृहाला मोह ठाऊक होता ना! परीक्षकांनी हसत विचारलं, ‘तिकडे मोह असतो काय, बेटा?’ मी म्हटलं, ‘नसेल सर, पण माया असतेच की.’ पहिला नंबर! परतीच्या गाडीत तुम्ही माझं डोकं खांद्याशी धरलंत, आणि मला वाटलं की आता मी बोलले तर जग ऐकतं.

गावात शिरले तर मोठे बाबा फाट्यावर हार घेऊन उभे. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे कधी एवढं पाहिलं नव्हतं. तेव्हा तलावाखालच्या मोकळ्या पटांगणावरून दोन्ही अंगांचं वाजलं होतं. ढिवर तिथे जाळी वाळवत, जुन्या काळापासून. आमच्याकडे नव्या बियाण्यानं धान दुपटीनं यायला लागलं होतं, खळ्याला जागा पुरेना. तुम्ही तोड सुचवली होतीत, चार महिने खळं, आठ महिने जाळी, आणि निम्मं गाव तयारही झालं होतं. तेवढ्यात एका सकाळी त्या पटांगणात शेंदूर फासलेला दगड उभा दिसला. देव प्रकटले! आमच्याकडच्या बाया ओट्या घेऊन निघाल्या, मीही नारळ घेऊन गेले. हात जोडायला खाली वाकले, आणि शेंदरात काहीतरी चमकताना दिसलं. खवलं होती बाई, माशाची खवलं. घाईत आमच्या लोकांनी उचलला होता तो नेमका ढिवरांचा मासे खवलायचा दगड, आणि धुवायचंही कुणाला सुचलं नव्हतं. मला दिसलं. मला कळलं. मी नारळ फोडला.

तिसऱ्या दिवशी त्या दगडापुढे सभा भरली. मोठे बाबा म्हणाले, ‘आमची पोरगी जिल्ह्यात पयली आली. ते बोलन.’ तुम्ही तिकडच्या बाजूला, भावाशेजारी उभ्या होतात. मी काय बोलणार हे माझं शेवटपर्यंत ठरलं नव्हतं, खरंच सांगते. पण समोर माझी माणसं होती, आणि ती माझ्या तोंडाकडे डोळे लावून बसली होती. मी सुरू झाले. तुम्ही शिकवलेलीच वाक्यं, ज्यूंची घेतली, अरबांची घेतली, फक्त दुसरी बाजू गाळली. ‘ही माती आपल्या पूर्वजांची! इथे आपला देव उभा आहे, आणि देवाच्या जागेचा सौदा होत नसतो!’ एकेका वाक्यावर लोक उठत होते. म्हातारे रडत होते. माझ्या पायाखाली जमीन नव्हतीच, मी वर कुठेतरी होते. सभा संपायच्या आत पोरांनी जाळ्यांच्या खुंट्या उपटल्या, जाळी ओढून पाण्यात फेकली. तुमचे भाऊ गुडघाभर पाण्यात उतरून एकेक जाळं गोळा करत राहिले.

सोमवारी वर्गात तुम्ही हजेरी घेतलीत, पुस्तक मिटलंत, आणि नेहमीच्याच आवाजात मला म्हणालात, ‘उभी राय. आज दुसरी बाजू. तू ढिवराची पोरगी आहेस. बोल.’ ना राग, ना टोमणा. मी उभी राहिले. मला सगळं ठाऊक होतं, चार महिने-आठ महिने, जुना दगड, त्याच्यावरची खवलं. तोंडातून शब्द फुटला नाही. तुम्ही तास संपेपर्यंत वाट पाहिलीत. मग म्हणालात, ‘बस. आवाज पोहोचला तुहा. डोकं राहून गेलं.’ त्यानंतर तुम्ही मला एकदाही स्पर्धेला पाठवलं नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. जाळी चिखलाच्या बाजूला गेली, ओली राहून कुजली, तुमचे भाऊ डोंगा, ती एकुलती होडी, विकून चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत उतरले, तुम्ही बदली मागून लाखांदूरला गेलात. आणि आमचं खळं? ते पडलंच नाही! देवाच्या जागेवर बैल कसे फिरवणार? मोठे बाबा मरेपर्यंत दगडाभोवती बांधलेल्या त्या चौथऱ्याकडे पाहत दात खात बसले. दोन्ही अंगांची जागा गेली, राहिला तो देव, आणि त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

ऐंशी साल उलटल्यावर, मी मास्तरकीचं शिकत असताना, यष्टी पकडून लाखांदूरला तुमच्याकडे आले होते. माफी मागायला. तुम्ही भात वाढलात, माझ्या अभ्यासाची चौकशी केलीत, भाऊ खाणीत खोकतो म्हणालात, आणि मी ‘हो बाई, नाही बाई’ करत जेवून उठले. खवलं दिसली होती हे सांगायचं राहिलंच. ते आज सांगितलं. तेवढं सोपं होतं.

अवघड ते वेगळंच आहे. दुसरी बाजू मी नंतर बोलायला शिकले, बाई. तीस वर्षं वर्गात बोलले, सभांतून बोलले, शिव्या खाऊन बोलले, आणि चांगली बोलते असं लोक म्हणतात. कालच्या मुलीनंही एकच बाजू मांडली, तिच्या देवाची, तिच्या मातीची, आणि मी नियमाप्रमाणे तिचे गुण कापले. पण ती बोलत असताना माझ्या अंगावर सर्रकन काटा आला होता, त्या सभेत आला होता तसाच. दुसरी बाजू बोलताना तो मला आजवर एकदाही आलेला नाही. हे पत्र तुमच्या भाच्यांकडे द्यावं असं लिहिता लिहिता वाटत होतं. नाही देणार. त्यांच्या बापाची जाळी पाण्यात पडली तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा होता, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?