साडेबाराची शिट्टी

सरावली, बोईसर
८ एप्रिल २०२०

ती. आबांच्या चरणी ज्ञानेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र. कंपनी बंद असल्यामुळे मनीष घरीच असतात आणि माझ्या भाजीतलं मीठ तपासतात.

काळजी स्वराची आहे. सोळाची झाली तरी तुमची नात कंपनीचा दुपारचा भोंगा वाजल्याशिवाय ताटाला हात लावत नाही. आता भोंगाच नाही. ऑटिझममध्ये ठरलेला क्रम मोडला की असं होतं, असं शाळेच्या बाई म्हणतात. ताट घेऊन खिडकीशी बसते, संध्याकाळी कंटाळून दोन घास खाते. ड्रेस अंगावर लोंबायला लागलेत. मला रडू येतं.

उत्तर लवकर धाडावं.
आपली सून, ज्ञानेश्वरी

*

पिंपळगाव
२१ एप्रिल

चि. सौ. ज्ञानेश्वरीस अनेक आशीर्वाद.

रडू नकोस. एकतीस वर्षं कंपनीच्या गेटवर मी वॉचमन होतो. भोंगा कुणीतरी बटण दाबलं की वाजतो, हे पोरीला मी कधी सांगितलंच नाही. माळ्यावरच्या पेटीत माझी पितळी शिट्टी आहे. चिंचेने घासून तिच्या गळ्यात घाल. म्हणावं, आबा रिटायर झाले, आता ड्यूटी तुझी. घड्याळात साडेबारा झाले की वाजवायची.

मनीषला सांग, पुढ्यात येईल ते खा. त्याच्या आईने लाडावून ठेवलाय.

सगळ्यांनी जपून राहा.
खंडेराव

*

सरावली
९ जून

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

तीन दिवस तिने शिट्टी नुसती मुठीत धरली. चौथ्या दिवशी साडेबाराला वाजवली, ताट ओढलं आणि तीन भाकऱ्या खाल्ल्या. मी ओट्याशी उभी राहून आनंदाने रडले.

आता सगळी चाळ तिच्या शिट्टीवर जेवते. शेजारच्या बायडीमावशी म्हणतात, पोरीची शिटी वाजल्याबिगर आमाला भूकच लागत नाय. समोरचे कमलाकांतभाऊजी एकदा बारालाच जेवायला बसले, तर स्वराने खिडकीतून असं बघितलं की त्यांनी ताट झाकून ठेवलं.

काल कंपनी सुरू झाली. दुपारी भोंगा वाजला आणि हातातलं काम टाकून मी खिडकीशी धावले. स्वराने घड्याळ बघितलं, बसून राहिली. चार मिनिटांनी शिट्टी वाजवली, मगच जेवली. मग मला म्हणाली, भोंगा चुकला, चार मिनिटं आधी. मनीषनी गेटवर विचारलं, तर वॉचमन रामू हसून म्हणाला, तुमच्या बाबांनाच इचारा, आमी काय सांगू. म्हणून विचारते.

लोभ आहेच, तो वाढवावा.
ज्ञानेश्वरी

*

पिंपळगाव
१८ जून

चि. सौ. ज्ञानेश्वरीस आशीर्वाद.

चोरी पकडली गेली. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, त्यातली दहा मिनिटं हात धुण्याच्या रांगेत जायची. म्हणून सुट्टीचा भोंगा मी चार मिनिटं आधी दाबायचो, सुट्टी संपल्याचा मात्र वेळेवर. रामूलाही तेच शिकवून आलो. एकतीस वर्षांत एका साहेबाच्या लक्षात आलं नाही, नातीने एका दिवसात ओळखलं. अंगणात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतोय.

साहेबांना सांगू नकोस म्हणावं. पण तिला खोटं बोलता येत नाही, तेव्हा ते दिसले की तिला घरात घे.

खंडेराव

*

सरावली
२९ जून

आबा, नमस्कार.

भोंगा १२.२६. शिट्टी १२.३०. वरण, भात, गवार. जेवले.

साहेबांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही.

तुम्ही पण साडेबाराला जेवा. आधी नाही.

स्वरा