उलट दुमडलेलं पान

शुक्रवार, संध्याकाळ

ते केळीचं पान काही डोळ्यांपुढून जात नाही.

दुपारी हॉटेलात पुण्याकडचं जोडपं जेवायला आलं. बाई पोटुशी, हातात तिरुक्करुगावूरच्या गर्भ राखणाऱ्या देवीच्या प्रसादाचं तेल. नवरा बसल्यापासून माझ्यावर भडकलेला. सांबार गार का, भात जाड का, पोळी का नाही! मला सगळं कळत होतं, पण आमची तंजावरी मराठी ऐकून हसेल म्हणून मी तमिळमध्येच "सार, सार" करत वाढत राहिलो. शेवटी बायकोला म्हणाला, "ह्या ठोंब्याला काही कळत नाही गं." आणि पान पुढच्या बाजूला, आपल्यापासून लांब दुमडून उठला.

आमच्याकडे तसं फक्त मयताच्या जेवणाला दुमडतात. त्याला काय ठाऊक? मला ठाऊक होतं, तरी रागाने गप्प राहिलो. ती पोटाला हात लावून हळूहळू पायऱ्या उतरली.

धावत जाऊन सांगायला हवं होतं का? सांगून तिला घाबरवायचं?

मी ते पान उलगडलं, त्याच्याच खुर्चीत बसलो आणि शुभाच्या जेवणाला दुमडतात तसं माझ्याकडे दुमडलं. मालक बघत होता. बघू दे.

पण दुसऱ्याने दुमडलेलं देवीला चालतं का?